एचआयव्हीच्या रिपोर्टवर शिक्कामोर्तब करणारी 'वेस्टर्न ब्लॉट' टेस्ट नेमकी काय होती?

1985 साली अमेरिकेत एचआयव्हीची एलायझा टेस्ट आली. रक्तपेढ्यांची मोठी सोय झाली, पण एक अडचण होती. कधीकधी लागण नसलेल्या माणसाचा रिपोर्टही पॉझिटिव्ह यायचा. तेव्हा या आजारावर एकही मान्यताप्राप्त औषध नव्हतं. मग रिपोर्ट खरा की खोटा, हे ठरवायला दुसरी टेस्ट व्हायची, ती म्हणजे वेस्टर्न ब्लॉट.

पहिली पायरी : प्रथिनं वेगळी करणं

विषाणूची प्रथिनं एसडीएस या रसायनात मिसळून तापवतात. त्यांच्या घड्या सुटतात आणि सगळ्यांवर ऋण प्रभार येतो. मग ती जेलमध्ये भरून वीज सोडली की धन टोकाकडे धावतात. जेल म्हणजे बारीक छिद्रांची जाळीच. जत्रेच्या गर्दीतून लहान पोरं सटकतात आणि मोठी माणसं अडकतात, तसंच इथं होतं. लहान प्रथिनं पुढे, मोठी मागे.

दुसरी पायरी : ट्रान्सफर

जेल नाजूक असतं आणि अँटीबॉडी त्यात सहज शिरत नाहीत. म्हणून प्रथिनं नायट्रोसेल्युलोजच्या कागदासारख्या पडद्यावर उतरवतात. ऋण बाजूला जेल, धन बाजूला पडदा, आणि पुन्हा वीज. हा क्रम उलटा झाला तर प्रथिनं द्रावणात वाहून जातात. मेहनत अक्षरशः पाण्यात! मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढ्या जागी प्रथिन उतरतच नाही. आणि निकाल तर याच पट्ट्यांवर ठरायचा.

तिसरी पायरी : ओळख पटवणं

पडद्यावरची रिकामी जागा झाकायला बऱ्याचदा चक्क दूध पावडर वापरतात. मग त्यावर रुग्णाच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम सोडतात. त्यात एचआयव्हीविरुद्धच्या अँटीबॉडी असतील तर त्या पी24, जीपी41 अशा ठरावीक प्रथिनांना चिकटतात आणि तिथं रंगीत पट्टे उमटतात. एखादाच पट्टा दिसला तर निकाल 'अनिश्चित' धरून काही काळाने पुन्हा टेस्ट करायचे.

हे 'वेस्टर्न' कुठून आलं?

1975 साली एडविन सदर्न यांनी डीएनए शोधण्याची पद्धत मांडली, तिला 'सदर्न ब्लॉट' म्हणू लागले. मग आरएनएसाठीची पद्धत गमतीने 'नॉर्दर्न' झाली. 1981 मध्ये नील बर्नेट यांनी प्रथिनांच्या पद्धतीला 'वेस्टर्न' म्हटलं.

नवी लागण लवकर पकडणाऱ्या टेस्ट आल्यावर, 2014 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने एचआयव्हीच्या निदानासाठी नवी पद्धत सुचवली. त्यात वेस्टर्न ब्लॉटला जागा नव्हती. संशोधनाच्या लॅबमध्ये मात्र ती आजही रोज वापरली जाते.