गाठ काढायची, बोलणं राखायचं

घरी वऱ्हाडी वळणाची मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी बोलणारी माणसं नागपुरात जागोजागी भेटतात. अशा माणसाच्या मेंदूत खोलवर गाठ निघाली, तर या तिन्ही भाषांची माहिती शस्त्रक्रिया करणाऱ्याला आधीच हवी. जॉर्ज ओजमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं, की दोन भाषा येणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत काही जागी विजेचा सौम्य प्रवाह दिला तर एकच भाषा अडते, दुसरी चालू राहते.

म्हणून प्रत्येक रुग्णाचा वेगळा नकाशा काढावा लागतो.

त्यासाठी एमआरआयचे दोन प्रकार कामी येतात. फंक्शनल एमआरआयमध्ये रुग्ण यंत्रात पडल्या पडल्या बोटं हलवतो, मनात शब्द जुळवतो. त्या वेळी मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथल्या रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण बदलतं आणि ते चित्रात उमटतं. दुसरा प्रकार डीटीआयचा. मज्जातंतूंच्या लांबीच्या दिशेनं पाणी अधिक सहज सरकतं. या हालचालीवरून हातापायांकडे जाणारे आणि वाचेशी संबंधित तंतू कुठून जातात, याचा अंदाज येतो. खोलवरच्या गाठीसाठी हा अंदाज मोलाचा, कारण वाढत्या गाठीनं कित्येकदा हे तंतू बाजूला रेटलेले असतात.

पण कवटी उघडली, मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं, की मेंदू थोडा खाली बसतो आणि आधीचा नकाशा चुकू लागतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये डॉ. अलियासगर मोईयादी आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच त्रिमितीय सोनोग्राफी करून नकाशा ताजा करण्याच्या पद्धतीवर बरंच काम केलं आहे.

शेवटची खात्री मात्र रुग्णाकडूनच होते. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. डोक्याची कातडी बधिर केली, की रुग्णाला जागं ठेवता येतं. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी याच पद्धतीनं मेंदूचा नकाशा मांडला. १९३७ चा त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. आजही मेंदूवर एकेका जागी विजेचा सौम्य प्रवाह देत रुग्णाला एकेक चित्र दाखवतात. ‘ही सायकल आहे’ म्हणताना ‘ही...’पाशीच जीभ अडली, तर त्या जागेवर आकड्याची चिठ्ठी ठेवली जाते आणि ती जागा वाचवली जाते. आत खोलवर हातापायांचे तंतू हुडकताना ढोबळ हिशेब असा: १ मिलिअँपिअरला प्रतिसाद आला, तर तंतू साधारण १ मिलिमीटरवर.

या खटाटोपाचं फळ मोठं आहे. ८,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या २०१२ च्या आढाव्यात, अशी विद्युत तपासणी झालेल्यांपैकी ३.४ टक्क्यांना गंभीर अपंगत्व कायम राहिलं. तपासणीविना हेच प्रमाण ८.२ टक्के होतं.

गडचिरोली, चंद्रपूर, छत्तीसगडहून उपचारांसाठी नागपूर गाठणाऱ्यांत गोंडी, माडिया, छत्तीसगढी बोलणारेही असतात. ही चित्रं त्यांना त्यांच्या भाषेतच ओळखायला सांगितली पाहिजेत आणि त्यासाठी ती भाषा जाणणारं माणूस शेजारी हवं. घरातल्या कुणावर अशी वेळ आलीच, तर रुग्ण कोणत्या भाषा बोलतो, कोणत्या हातानं लिहितो, पोटापाण्यासाठी काय करतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. नकाशाचं काम तिथूनच सुरू होतं.