कडेला बसणाऱ्याचे चित्र

निपाणीच्या एखाद्या घरात परीक्षेचा निकाल पाहण्यास चार-पाच माणसे एकाच लॅपटॉपभोवती जमली, की जुन्या पडद्यापुढे एक गंमत घडत असे. समोर बसलेल्या मुलास अक्षरे स्वच्छ दिसत. कडेला उभ्या असलेल्या आजीस मात्र काळे ते करडे दिसे आणि चेहऱ्यांचे रंग पालटलेले असत. दोष आजीच्या डोळ्यांचा नव्हे, पडद्याचा होता.

अशा पडद्यात दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा अतिशय पातळ थर असतो. त्याचे रेणू लांबट, विडीसारखे म्हणा ना. निपाणीत तरी ही उपमा कोणास परकी वाटू नये. एका काचेपासून दुसरीपर्यंत या विड्या गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे नव्वद अंशांत वळतात. प्रकाशाच्या कंपनाची दिशाही त्यांच्याबरोबर वळते व तो पलीकडच्या ध्रुवक पट्टीतून पार होतो. विजेचा दाब दिला, की विड्या उभ्या राहतात, प्रकाश अडतो आणि तेथे काळा ठिपका दिसतो. परंतु काचेलगतच्या विड्या पुरत्या उभ्या राहत नाहीत. शिवाय कडेकडे जाणारा किरण उभ्या विड्यांनाही तिरपा छेदतो. त्याचे कंपन बिघडते आणि अडावयाचा प्रकाश निसटतो.

यावरील उताऱ्याचे मूळ कर्नाटकातच सापडते. १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश यांनी दाखविले, की तबकडीसारखे चपटे रेणूही द्रवस्फटिक होऊ शकतात व नाण्यांच्या चवडीप्रमाणे रचले जातात. तोवर लांबट रेणूंचेच राज्य मानले जाई. चंद्रशेखर हे सर सी. व्ही. रामन यांचे भाचे. तथापि हे यश त्यांच्या स्वतःच्या कष्टाचे.

प्रकाशाच्या बाबतीत तबकडीचे वर्तन विडीच्या नेमके उलट असते. १९९० च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने हा गुण हेरला. पारदर्शक पट्टीवर तबकड्यांचा लेप देऊन, त्यांचा कल एका पृष्ठापासून दुसऱ्यापर्यंत हळूहळू बदलत नेऊन, तो तसाच कायम गोठविला. ही पट्टी पडद्याच्या दोन्ही अंगांस बसविली, की विडीने केलेला बिघाड तबकडी निस्तरते. काट्याने काटा निघतो. काळे कडेनेही बऱ्यापैकी काळे राहते.

बऱ्यापैकीच, कारण अशा पडद्याकडे फार खालून पाहिल्यास छटा अजूनही उलटतात. म्हणून पुढे विड्या उभ्या न करता काचेशी समांतरच फिरविण्याची निराळी रीत दूरदर्शन संचांत व मोबाइलांत रूढ झाली. मात्र तेथेही ध्रुवक पट्ट्यांतून तिरपा प्रकाश थोडा निसटतोच, आणि तो आवरण्यास पुन्हा पातळ पट्ट्यांचीच मदत घेतली जाते.