जुन्या गाडीचे आडकोपरे

अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तिचा कुजलेला पत्रा आता सहजी बदलून मिळत नाही. रायपूरच्या पावसाळ्यात अशा गाडीच्या दारांत पाणी झिरपते. तळाशी ते निथळण्याची बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की ओल कोंडते आणि गंज आतून धरतो. त्यावर लांबी भरून बाहेरून रंग देणे म्हणजे दिवाळीपुरती सजावट!

म्हणून प्रथम भोके तारेने मोकळी करावीत. काठांच्या दुमडीत, बिजागऱ्यांमागे हात पोचत नाही. तेथला तेलकटपणा काढून तारेचा बारीक ब्रश फिरवावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा घासणे ओलेच बरे. पत्रा पुरता सुकल्यावर अस्तराचा रंग द्यावा. अखेरीस पोकळीत मेणाचा पातळ थर सोडावा. भोके मात्र उघडीच ठेवावीत.