फरगण्याचा ग्रंथ, कलकत्त्यामार्गे

१८९३ साली रशियन अमलाखालच्या ताश्कंदमध्ये ‘हिदाया’ या हनफी मुसलमानी कायद्याच्या ग्रंथाचं रशियन भाषांतर छापून निघालं. मूळ ग्रंथ बाराव्या शतकातला, अरबी. कर्ता बुऱ्हानुद्दीन मर्गिनानी हा शेजारच्याच फरगण्याच्या खोऱ्यातला. तिथल्या मदरशांत हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जात होता. तरीही रशियन मजकूर उतरवला तो इंग्रजीवरून! वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये हिदायाचा फारसी तर्जुमा करवून घेतला; त्यावरून चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ साली इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, आणि पुढे आपल्याकडच्या न्यायालयांत वकील त्याचेच दाखले देऊ लागले. हॅमिल्टनने नमाज, रोजा, हज ही प्रकरणं गाळली आणि थेट जकातीपासून सुरुवात केली. राज्यकर्त्याची नजर कुठे असते, ते यावरून कळावं.

या रशियन भाषांतराचा संपादक निकोलाय ग्रोदेकोव हा ताश्कंद ज्यात येतं त्या सिर-दर्या प्रांताचा लष्करी गव्हर्नर होता. १८४३चा जन्म, पीटर्सबर्गच्या लष्करी अकादमीत शिक्षण. १८७८ साली, कर्नल असताना, तो समरकंदहून निघून मझार-ए-शरीफ, हेरातमार्गे इराणात घोड्यावरून गेला. त्याचं प्रवासवर्णन लंडनमध्ये लगेच इंग्रजीत आलं. हिंदुस्थानकडे येणाऱ्या वाटांची इंग्रजांना धास्तीच तशी होती. पुढे रशियन जनरल स्कोबेलेवच्या तुर्कमेन मोहिमेत त्याने खोरासानमधून रसद जमवली आणि त्याच मोहिमेचा जाडजूड इतिहासही लिहिला.

१८८३ पासून दहा वर्षं तो सिर-दर्याचा गव्हर्नर होता. १८८९ साली त्याने तिथल्या भटक्या पशुपालकांच्या रूढीकायद्यावर पुस्तक काढलं. रशियन कागदपत्रांत ‘किर्गिझ’ म्हणजे बहुतेक वेळा आजचे कझाक, हे वाचताना लक्षात ठेवावं लागतं. वधूसाठी द्यायचा ‘कलिम’, गुरांच्या चोरीची भरपाई, ‘बी’ म्हणजे जमातीच्या न्यायाधीशापुढचे तंटे, सगळं त्यात आहे. माहिती गोळा करायला प्रांतभर फिरला तो विश्नेगोर्स्की नावाचा त्याचा सहायक. मुखपृष्ठावर नाव मात्र साहेबांचं. आपल्याकडची गॅझेटियरं चाळणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

एवढ्या अभ्यासाने माणसं कळली का? १८९२ साली ताश्कंदमध्ये कॉलऱ्याची साथ आली. दफनावर निर्बंध आले, घरातल्या बायकांची तपासणी होणार अशी भीती पसरली आणि जुन्या शहरातला जमाव रशियन वस्तीवर चालून गेला. गव्हर्नर सैनिक घेऊन आला, गोळीबार झाला. मुसलमानी कायदा समजून घेणारा अधिकारी दफनाच्या प्रश्नावर बंदुकीपाशीच पोचला, याला मी योगायोग मानत नाही. हिदायाच्या पुस्तकातून त्याला काझीचा निकाल तपासायचा होता; काझीचं म्हणणं ऐकायची त्याला गरज वाटली नव्हती.

१८९३ नंतर त्याची बदली अतिपूर्वेला खाबारोव्स्कला झाली. तिथे त्याने भौगोलिक संस्थेची शाखा, ग्रंथालय आणि संग्रहालय उभं केलं. १८९८ मध्ये तो आमूर मुलखाचा गव्हर्नर-जनरल झाला. १९०० साली चीनमधल्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत आमूरकाठच्या ब्लागोवेश्चेन्स्कच्या चिनी रहिवाशांना नदीत लोटलं गेलं, हजारो बुडाले. हुकूम स्थानिक गव्हर्नर ग्रिब्स्कीच्या कारभारातला. पण ग्रिब्स्की ग्रोदेकोवच्या हाताखाली होता. ग्रोदेकोवची कारकीर्द त्यामुळे थांबली नाही. १९०६ साली तो तुर्कस्तानचा गव्हर्नर-जनरल होऊन ताश्कंदला परतला. १९१३ साली तो वारला. खाबारोव्स्कचं संग्रहालय आज त्याच्याच नावाने ओळखलं जातं.