किती हवा? दारावर लिहिली आहे तेवढी

पेट्रोल भरून गाडी हवेच्या मशीनपाशी थांबते. पोरगा नळी ओढत येतो आणि व्हॉल्व्हची टोपी फिरवता फिरवता विचारतो, "काका, किती मारू? पस्तीस?" काका मान डोलावतात. मागच्या पंपावर तिथल्या पोराने तीस म्हटलं होतं, तेव्हाही त्यांनी मान डोलावलीच होती.

हा आकडा त्या पोराने ठरवायचा नाही आणि काकांनीही नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीने तो ठरवून गाडीवरच चिकटवलेला असतो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा, खांबावर खाली स्टिकर दिसेल. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतं. तिथेही नसेल तर मॅन्युअल काढा. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना २९ ते ३६ पीएसआयच्या दरम्यानचा आकडा दिलेला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा वेगळा असू शकतो. पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल, तर मागच्या चाकांना अनेकदा जास्त हवा सांगितलेली असते. गणपतीला कोकणात निघताना तो दुसरा आकडा बघायचा. स्टिकरवर किलोपास्कल असेल तर २३० म्हणजे ३३ पीएसआय, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. टायरच्या अंगावर कोरलेला ४४ किंवा ५१ हा आकडा मात्र त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तो टायर कोणत्या गाडीला बसणार, हे टायर बनवणाऱ्याला माहीतच नसतं.

दोन-चार पीएसआय इकडचे तिकडे झाले तर काय बिघडतं, हे कळायला थोडा भागाकार करू. माणसांसकट साडेअकराशे किलोची गाडी धरली तर एकेका टायरवर २९० किलोच्या आसपास भार येतो. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. म्हणजे रस्त्याला टेकलेला रबराचा भाग सुमारे १२५ चौरस सेंटिमीटरचा, टपाल खात्याच्या पोस्टकार्डाएवढा. गाडी चालते, वळते, थांबते ती अशा चार पोस्टकार्डांवर. हवा कमी झाली की रस्त्याला टेकलेला भाग पसरतो, पण भार कडांवर जातो आणि टायर दोन्ही बाजूंनी झिजतो. हवा जास्त झाली की मधला पट्टा झिजतो, गाडी खड्ड्यांत आदळते आणि पकडही घटते.

कमी हवेचा खरा धोका झिजेपेक्षा मोठा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला छोट्या गाडीचं चाक मिनिटाला साडेआठशेच्या आसपास फेरे घेतं. दर फेऱ्याला टायरची बाजू वाकते आणि सरळ होते. हवा कमी असेल तर ती जास्त वाकते, तापते, आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर फुटतो. समृद्धी महामार्गावर टायर फुटला की 'उन्हाने हवा वाढली' असं सर्रास म्हटलं जातं आणि मग विदर्भात मे महिन्यात लोक मुद्दाम दोन-तीन पीएसआय कमी ठेवतात. रोग वाढवणारंच हे औषध आहे. चालताना टायर तापून दाब चार-पाच पीएसआयने वाढणार, हे कंपनीने आकडा ठरवतानाच धरलेलं असतं. त्यामुळे गरम टायरमधली 'वाढलेली' हवा कधीही सोडू नये.

म्हणूनच हवा थंड टायरमध्ये मोजायची. गाडी किमान तीन तास उभी हवी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर सावकाश चाललेली. पंप लांब असेल तर काय करायचं? चारेकशे रुपयांत गेज मिळतं, ते घ्या आणि सकाळी घरीच मोजा. समजा स्टिकरवर ३३ आहे आणि गेज २९ दाखवतं. म्हणजे चार कमी. पंपावर पोचेपर्यंत तोच टायर तापून ३२ दाखवील. तिथे ३३ वर थांबायचं नाही, ३२ मध्ये चार मिळवून ३६ भरून घ्यायचे. पंपावरच्या मशीनवर माझा फारसा भरवसा नाही. दिवसातून शंभर वेळा जमिनीवर आपटणाऱ्या नळीकडून अचूकपणाची अपेक्षा करणंही बरं नाही.

धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय निसटतोच. शिवाय तापमान दहा अंशांनी उतरलं की दीड पीएसआयच्या आसपास कमी होतात. निफाडच्या थंडीत सकाळी डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागतो, तो बहुतेक वेळा यामुळेच. पण पंक्चर नाही याची खात्री गेजनेच करावी, अंदाजाने नको.

पावसाळ्यात पकडीसाठी हवा कमी ठेवावी, असंही काही जण सांगतात. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर अभ्यास करून काढलेलं सूत्र याच्या उलट सांगतं: दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागतो. त्या हिशेबाने ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २० पीएसआयला ७५ च्या खाली. कारला ते सूत्र तंतोतंत लागू होत नाही, नक्षी झिजली असेल तर परिस्थिती आणखी वाईट. पण दिशा तीच.

नायट्रोजनचं काय? साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित सावकाश निसटतो, इतकंच. फुकट मिळत असेल तर घ्या, पण त्याच्या भरवशावर तपासणी सोडू नका. मायलेजचाही फार गाजावाजा होतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते दाब एका पीएसआयने घटला की मायलेज जेमतेम ०.२ टक्क्याने घसरतं. पेट्रोल वाचवायला नव्हे, जीव वाचवायला हवा तपासायची.

एकच टायर वारंवार बसत असेल तर व्हॉल्व्ह बघा. जुने पंक्चरवाले बोटावर थुंकी घेऊन व्हॉल्व्हच्या तोंडावर लावतात आणि बुडबुडा येतो का ते बघतात. साबणाचं पाणी तेच काम करतं. टोपी हरवली असेल तर लगेच नवी बसवा, धूळ तिथूनच आत शिरते.

आज रविवार. गाडी रात्रभर उभी असेल तर टायर थंडच आहेत. चहा झाला की गेज घेऊन खाली जा, चारही चाकं तपासा आणि डिकीतली स्टेपनी विसरू नका. बारीक, तात्पुरत्या वापराची स्टेपनी असेल तर तिला साधारण ६० पीएसआय लागतात; नेमका आकडा तिच्यावरच लिहिलेला असतो.