चारच्या भुकेला उकडलेला बटाटा

१९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी ३८ पदार्थांची, प्रत्येकी सुमारे २४० कॅलरी, अशी तुलना केली. खाल्ल्यावर दोन तास पोट किती भरलेलं वाटतं, हे मोजलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर क्रोसाँला ४७, शेंगदाण्यांना ८४, संत्र्याला २०२ आणि उकडलेल्या बटाट्याला तब्बल ३२३! कारण साधं आहे: तेवढ्याच कॅलरीत पाणी, तंतू आणि प्रथिनं जास्त असली की ताटातलं वजन वाढतं. तेल नेमकं उलट करतं. म्हणून बदनाम बटाटा नव्हे, बटाटावडा व्हायला हवा.

कुरमुरे हलके, मग तेच बरे, असं कुणी म्हणेल. पण हलके म्हणजे हवेने फुगलेले. मूठ-मूठ करत वाटी कधी संपते कळत नाही, वर फरसाण पडतंच. त्यात मोड आलेली मटकी, काकडी, टोमॅटो घाला, मग बोला. शेंगदाण्यांत प्रथिनं असूनही गुण कमी का? तेलामुळे २४० कॅलरी जेमतेम मूठभरातच होतात. अर्थात मोजणी दोनच तासांची होती. रात्री आठपर्यंत टिकायचं असेल तर बटाट्यासोबत ताक किंवा उकडलेलं अंडं घ्यावं.