चढाईही हवी, पकडही हवी!

व्यावसायिक कबड्डीत अष्टपैलू खेळाडूंना वाढती मागणी. सांगली-साताऱ्याच्या मैदानांसाठी त्याचा अर्थ काय?

कबड्डीच्या सामन्यात वारंवार दिसणारा हा प्रसंग आहे. एका संघाचे पाच खेळाडू बाद होऊन बाहेर बसलेले असतात. मैदानात उरलेले दोघेही चढाईपटू असतात. प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत मध्यरेषा ओलांडतो. आतापर्यंत या दोघांच्या पायांतील चपळाईला टाळ्या मिळत होत्या. आता त्यांच्या हातांच्या पकडीची परीक्षा असते. प्रशिक्षकाशेजारी बाकावर ताजेतवाने राखीव खेळाडू बसलेले असतात, पण बाद खेळाडूच्या जागी त्यांना उतरवता येत नाही. जे व्हायचे ते या दोघांच्याच हातून.

आता गुणांचा हिशेब पाहू. चढाईपटू दोघांनाही स्पर्श करून परत गेला, तर स्पर्शाचे दोन आणि लोणाचे दोन असे चार गुण प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होतात. उलट, या दोघांनी त्याला पकडले, तर मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या पकडीला मिळणारे दोन गुण पदरात पडतात, शिवाय एक सहकारी परत येतो. म्हणजे अवघ्या तीस सेकंदांच्या एका चढाईत दोन्ही संघांमधील अंतर सहा गुणांनी इकडचे तिकडे होऊ शकते. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५ असा, म्हणजे तीनच गुणांनी जिंकला होता, हे लक्षात घेतले की या सहा गुणांचे मोल कळते.

चढाई आणि पकड या दोन्ही अंगांत तरबेज असलेल्या अष्टपैलू खेळाडूला व्यावसायिक कबड्डीत आज जो भाव आला आहे, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

नियमच घडवतो खेळाडू

अष्टपैलूपण ही निसर्गदत्त देणगी आहे, असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात कोणत्या खेळात असा खेळाडू टिकेल आणि कोणत्या खेळात तो लुप्त होईल, हे बव्हंशी त्या खेळाचे नियम ठरवतात.

कबड्डीचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्रात हुतुतू म्हणून ओळखला जाणारा हा खेळ पूर्वी संजीवनी, गामिनी आणि अमर अशा तीन प्रकारांनी खेळला जाई. अमर प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदान सोडतच नसे. केवळ गुण मोजले जात. गामिनीत एकदा बाद झालेला खेळाडू सर्व संघ बाद होईपर्यंत परतत नसे. संजीवनीत प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद केला की आपला एक गडी ‘जिवंत’ होई. १९२३ मध्ये नियम छापून प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बडोद्यात त्या नियमांनुसार स्पर्धा झाली. पुढे रुजलेल्या प्रमाण कबड्डीने संजीवनीचे हेच तत्त्व स्वीकारले. त्यामुळे मैदानातील खेळाडूंची संख्या क्षणाक्षणाला बदलते. सात जण असताना कामाची वाटणी करता येते. तीनच उरले की वाटणी संपते आणि प्रत्येकाला सारे काही करावे लागते.

दुसरे कारण खेळाच्या गतीत आहे. चढाई संपवून खेळाडू आपल्या अंगणात परतला, की लगेच प्रतिस्पर्ध्याची चढाई सुरू होते. त्या क्षणी तो बचावपटू झालेला असतो. त्याची जागा कोपऱ्यात असो वा मध्यात, साखळीतील ही कडी कच्ची असेल, तर समोरचा चढाईपटू नेमका तिथेच हल्ला करणार.

अमेरिकी फुटबॉल आणि क्रिकेटचा धडा

याच्या नेमकी उलट वाट अमेरिकी फुटबॉलने चोखाळली. आक्रमण आणि बचाव ही दोन्ही कामे तेच अकरा खेळाडू करत, असा काळ त्या खेळातही होता. वॉशिंग्टनच्या सॅमी बॉ या खेळाडूने १९४३ च्या हंगामात चेंडू फेकण्यात, लाथाडण्यात आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू अडवून हस्तगत करण्यातही अव्वल स्थान मिळवले होते. मात्र १९५० पासून तेथील व्यावसायिक लीगने खेळाडू बदलण्याची कायमची मुक्त मुभा दिली. मग आक्रमणाचा संघ वेगळा आणि बचावाचा वेगळा झाला. फिलाडेल्फियाचा चक बेडनारिक १९६० मध्ये दोन्ही बाजूंनी खेळला, तो त्या परंपरेतील अखेरच्या मोठ्या खेळाडूंपैकी एक मानला जातो.

अलीकडे तिथेही वारे पुन्हा फिरू लागले आहेत. एकच खेळाडू धावण्यासाठी, चेंडू झेलण्यासाठी आणि प्रसंगी फेकण्यासाठी वापरला, की प्रतिस्पर्ध्याला त्याच्या चालीचा अंदाज येत नाही, हे प्रशिक्षकांच्या ध्यानात आले आहे. २०२५ मध्ये जॅक्सनव्हिल संघाने ट्रॅव्हिस हंटर या तरुणाला आक्रमण आणि बचाव अशा दोन्हींसाठी निवडले. मात्र पहिल्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने त्याला बाहेर बसावे लागले.

क्रिकेटमधील अनुभवही हेच सांगतो. आयपीएलमध्ये २०२३ पासून सामन्यादरम्यान एक जादा खेळाडू उतरवण्याची सोय झाली. साहजिकच थोडी फलंदाजी आणि थोडी गोलंदाजी करणाऱ्याऐवजी एक पक्का फलंदाज आणि एक पक्का गोलंदाज वापरणे संघांना परवडू लागले. या नियमामुळे अष्टपैलू खेळाडूंची वाढ खुंटेल, अशी चिंता रोहित शर्मानेही २०२४ मध्ये जाहीरपणे व्यक्त केली होती. तात्पर्य, बदली खेळाडूची मुभा जितकी मोठी, तितकी अष्टपैलूची गरज कमी. कबड्डीत बाद खेळाडूच्या जागी बदली खेळाडू येत नाही, म्हणूनच त्याची गरज टिकून आहे.

कासेगावचा चढाईपटू

जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळ मातीवरून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर गेला. प्रारंभी भाव खाल्ला तो चढाईपटूंनी. प्रेक्षकांची नजर चढाईवर खिळते, कॅमेराही तिचाच पाठलाग करतो. सांगली जिल्ह्याचे नाव देशभर झाले, तेही चढाईमुळेच. वाळवा तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके दबंग दिल्लीकडून खेळताना २०१५ च्या दुसऱ्या हंगामात सर्वोत्कृष्ट चढाईपटू ठरला. त्याच्या आदल्या वर्षी इंचॉनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने अंतिम फेरीत इराणला २७-२५ असे नमवून सुवर्णपदक जिंकले. त्या भारतीय संघात सांगलीचा नितीन मदने होता.

परंतु २०१५ च्या त्याच हंगामात सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान मिळाला तो बंगळुरू बुल्सच्या मनजित चिल्लरला. मनजित पकडीत भक्कम होताच, पण चढाईतही गुण आणत असे. येणाऱ्या काळाची चाहूल त्या निवडीत होती, असे आता मागे वळून पाहताना म्हणावे लागेल.

पुढे ही चाहूल लिलावाच्या आकड्यांतही उमटली. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई मुळात डाव्या कोपऱ्याचा बचावपटू. पण गरज पडताच चढाईला जाणारा. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. २०२४ मध्ये हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना, तर २०२५ मध्ये गुजरातने २ कोटी २३ लाखांना घेतले. त्याने पुण्याबरोबर आणि पाठोपाठ हरियाणाबरोबर अशी लागोपाठ दोन विजेतेपदे अनुभवली. पुण्याच्या विजेतेपदाच्या हंगामात सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला तो कर्णधार अस्लम इनामदार. हा अहिल्यानगर जिल्ह्याचा मराठी मुलगा मूळचा चढाईपटू, पण बचावाच्या साखळीतही तितक्याच विश्वासाने उभा राहणारा.

निम्मा-निम्मा नव्हे

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. अष्टपैलू म्हणजे दोन्ही कामे निम्मी-निम्मी येणारा खेळाडू नव्हे. शादलुईचा कोपरा आधी पक्का आहे, मग चढाई; अस्लमची चढाई आधी पक्की आहे, मग पकड. एका कौशल्यावर पूर्ण प्रभुत्व आणि दुसऱ्यावर विसंबता येईल इतका ताबा, हे त्यांचे सूत्र दिसते. एकाही कामात निष्णात नसलेल्या खेळाडूला व्यावसायिक संघात जागा मिळणे अवघडच.

सांगली-साताऱ्याच्या मातीला हे सूत्र अपरिचित नाही. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मल्ल मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत फ्रीस्टाइल कुस्तीत सुवर्ण आणि ग्रीको-रोमन कुस्तीत रौप्य अशी दोन पदके जिंकली. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखालच्या अंगाला हात लावता येत नाही. म्हणजे एका आखाड्यात हुकमी असलेले पायाचे डाव दुसऱ्या आखाड्यात निषिद्ध. तरीही तालमीत कमावलेले शरीर आणि तोल दोन्हींकडे उपयोगी पडले.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी खो-खो खेळली, मग लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि त्यानंतर तीन हजार मीटर स्टीपलचेस हा अडथळ्यांच्या शर्यतीचा प्रकार तिने निवडला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली. धावण्याचा दम आणि उडी मारण्याची लय या दोन्हींची कसोटी पाहणाऱ्या या शर्यतीत बहुरंगी पूर्वतयारी वाया गेली नाही, असे म्हणता येईल.

मैदानावरचा प्रश्न

या साऱ्याचा संबंध गावच्या मैदानाशी आहे. संध्याकाळी सरावाला येणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ‘तू चढाईवाला’ किंवा ‘तू कोपऱ्याचा’ असे एकदा ठरवून टाकणे सोपे असते. गावोगावच्या स्पर्धांत त्यातून संघ लवकर तयार होतो आणि चषकही मिळतात. पण पुढे वजन वाढल्याने किंवा दुखापतीने त्याचा वेग कमी झाला, तर त्या मुलाच्या हाती काय उरते? घरची बेताची शेती आणि नोकरीची आस असलेल्या मुलासाठी हा प्रश्न केवळ खेळाचा राहत नाही. संघात टिकण्याचा दुसरा मार्ग त्याला कोणी शिकवलेलाच नसतो.

म्हणून सरावाची पद्धत बदलणे निकडीचे आहे. चढाईपटूंना दररोज घोट्याची पकड, मांडीची पकड आणि साखळीतील हालचाली शिकवाव्या लागतील. बचावपटूंना बोनस रेषेपर्यंत जाऊन सुरक्षित परतण्याची आणि सलग दोन निष्फळ चढायांनंतर येणाऱ्या, गुण मिळवणे अनिवार्य असलेल्या तिसऱ्या चढाईची सवय लावावी लागेल. दोन विरुद्ध तीन असे अपुऱ्या खेळाडूंचे सराव सामने खेळवले, तर हे सारे आपोआप अंगवळणी पडेल. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. मोकळी जागा आणि जाणता प्रशिक्षक पुरेसा आहे.

मात्र दुहेरी काम म्हणजे शरीरावर दुहेरी भार, हे हंटरच्या दुखापतीच्या निमित्ताने तरी विसरता कामा नये. वाढत्या वयातील मुलांचे गुडघे, घोटे आणि खांदे यांना पुरेशी विश्रांती आणि योग्य आहार मिळाला नाही, तर अष्टपैलू घडण्याआधीच खेळाडू मोडेल.

चढाईने टाळ्या मिळतात, पकडीने सामना वाचतो. कासेगावने देशाला नामवंत चढाईपटू दिला. या मैदानांवर आज घाम गाळणाऱ्या मुलांना दोन्ही विद्या वेळीच मिळाल्या, तर मैदानात दोघेच उरले असतानाही त्यांच्या संघावर लोण चढवणे कोणालाही सोपे जाणार नाही.